जुळ्या सुऱ्या

पुण्यातल्या एका भटक्या मंडळात नाना आणि बंडू हे दोन जिवलग मित्र होते. नाना बँकेत, बंडू भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर. शाळा एक, पहिला गड एक आणि वेडही एकच, रानात वापरायच्या सुऱ्यांचं. मिटणारी सुरी दोघांनाही नको असे. "घडी आली की खीळ आली, आणि खीळ कधीतरी ढिली होणारच," असं बंडू म्हणायचा. त्यांना आवडे ती अखंड सुरी. पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवलेल्या.

मंडळात असे वेडे बरेच होते. दर हिवाळ्यात भोर तालुक्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालकीच्या रानात त्यांचा मुक्काम पडे. राखीव जंगलात झाड तोडणं किंवा विस्तव करणं १९२७च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून ही जागा ठरलेली, आणि इथंही पडलेल्याच लाकडाला हात लावायचा. मंडळात एक निवृत्त हवालदार होते. त्यांचा आणखी एक दंडक असे : घरकामाचं किंवा शेतीचं अवजार सोडलं, तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या नियमात बसतं, तेव्हा तसलं काही आणायचं नाही. जे आणाल ते पिशवीच्या तळाशी ठेवा, एसटीत कमरेला लावून मिरवू नका.

संध्याकाळ झाली की घोंगडी अंथरली जाई आणि तिच्यावर सगळ्यांच्या सुऱ्या मांडल्या जात. कुणाची स्वीडनची मोरा, साध्या प्लास्टिकच्या मुठीची. मोरा हे तिथल्या दालार्ना प्रांतातलं गाव आणि त्या परिसरात १८९१पासून या सुऱ्यांचा कारखाना चालत आलेला. कुणाची फिनलंडची पुक्को, कुणाचा कोकणातला कोयता, तर कुणी जुन्या करवतीच्या पात्यातून घरीच घासून काढलेलं काहीतरी. सुरी एकमेकांच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. 'हातात दिली की भांडण होतं' हे घरोघरच्या आयांचं म्हणणं. मंडळानं ते जसंच्या तसं उचललं होतं, कारण त्यामुळे कुणाचं बोट कापत नसे. दुसरा नियमही तसाच साधा. सुरी चालवणाऱ्यानं हात लांब करून गोल फिरवायचा आणि त्या वर्तुळात कुणी येणार नाही एवढं बघायचं.

या मंडळींचा एक आवडता गुरू होता, कॅनडाचा मॉर्स कोचान्स्की. २०१९ साली तो गेला. रानात कसं राहावं हे त्यानं आयुष्यभर शिकवलं आणि त्याच्या पुस्तकात रानातल्या सुरीचं माप दिलंय : पातं आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं लांब असावं. बंडूनं ते वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपल्या हाताच्या मापाची सुरी आपल्याच लोहाराकडून का करून घेऊ नये?

दोघे मुळशीकडच्या एका लोहारमामांकडे गेले. मामांनी आधी दोघांचे तळहात बघितले, मग भंगारातून ट्रकचा एक कमानपाटा ओढून काढला. "हे पोलाद वर्षानुवर्षं खड्ड्यांचे हादरे खाल्लेलं आहे. याला घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. त्यांनी एकाच पाट्याचे दोन तुकडे केले. भात्यावर ते लाल करून, घणानं बडवून, घासून दोन सारखी पाती तयार झाली. मग पाणी द्यायची वेळ आली. मामा पातं तापवत आणि मधूनमधून त्याला लोहचुंबक लावून बघत. चुंबक चिकटायचं थांबलं, तसं किंचित आणखी तापवून त्यांनी पातं टोकाकडून कोमट तेलात बुडवलं. तेल चरचरलं, वर धूर आला. "आता हे काचेसारखं झालंय. पडलं तर तुटेल," असं म्हणून त्यांनी ते घासून लख्ख केलं आणि परत मंद आचेवर धरलं. पोलादावर हळूहळू वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला. त्या रंगावर मामांनी पातं बाजूला काढलं. "ही वेळ चुकली की सुरी वाया. रंग निळ्यावर गेला तर धार टिकत नाही, आणि रंग आलाच नाही तर धार उडते."

दुसरं पातंही तसंच झालं. मुठीला शिसव, पितळी रिव्हेट. निघताना मामा म्हणाले, "या माझ्या जुळ्या पोरी समजा. यांना दोनच गोष्टी लागतात. तेल आणि काम."

तिथून दोघींची नशिबं वेगळी झाली.

नानानं आपल्या सुरीसाठी नक्षीचं जाड चामड्याचं म्यान करवून घेतलं आणि म्यानासाठी आत मखमल लावलेली लाकडी पेटी. पहिली दोन वर्षं त्यानं ती पेटी मुक्कामाला आणली. घोंगडीवर पेटी उघडायची, सगळ्यांनी वाहवा करायची, पेटी बंद. कुणी हात पुढे केला की नाना म्हणे, "बघा हवं तेवढं. पण वापरायला नका मागू. एक ओरखडा पडला तर परत अशी व्हायची नाही." कामाला त्यानं एक स्वस्तातली सुरी ठेवली होती. पुढे पेटी आणायचंही बंद झालं आणि ती कपाटात गेली.

बंडूच्या सुरीला विसावा म्हणून नव्हता. ती कांदे चिरायची, लिंबं कापायची, कैऱ्या फोडायची. आंबटाचा स्पर्श होऊन होऊन लख्ख पातं करडं-निळसर झालं. नाना हळहळला, "काय रूप होतं रे तिचं!" बंडू हसला. त्या करड्या थराखाली लाल गंज सहसा धरत नाही, हे वर्कशॉपात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि जो मागेल त्याला ती मिळे. ओल्या दिवसांत चूल पेटवायची तर ओंडका उभा फोडून आतलं कोरडं लाकूड काढायचं आणि त्याच्या काडीवर पातं सपाट धरून पातळ पातळ पिसं सोलत जायची. ती तुटू द्यायची नाहीत, काडीलाच झुपक्यासारखी राहू द्यायची. ही कला मंडळातल्या निम्म्या लोकांनी बंडूच्या सुरीवरच साधली.

एका वर्षी मंडळात सोन्या नावाचा कॉलेजातला पोरगा आला. हात चलाख, धीर थोडा. त्यानं सुरी मागितली, बंडूनं दिली. सोन्यानं खैराचा एक गाठाळ तुकडा घेतला, तो थेट कातळावर उभा केला, पातं वर ठेवलं आणि पाठीवर दांडक्यानं ठोकायला लागला. गाठीत पातं अडकलं. ते सरळ मागे काढायचं सोडून त्यानं आडवं पिरगाळलं, वरून आणखी एक ठोका घातला, आणि लाकूड फुटून पातं दणकन कातळावर आदळलं. धारेला दोन खांडं पडली. एक तांदळाच्या दाण्याएवढं, दुसरं त्याहून मोठं.

सोन्यानं सुरी पुसली, घोंगडीवर ठेवली आणि "सॉरी दादा" म्हणून बाजूला झाला.

नाना बंडूच्या कानाशी आला. "बघ. मी काय सांगत होतो? वस्तू द्यायची नाही. लोकांना कदर नसते."

बंडूला ते पटलं. त्यानं सुरी गुंडाळली आणि पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकानं मागितली तर पहिल्यांदाच "नाही" म्हणाला.

ज्यांच्या रानात मुक्काम होता त्या घरची आजी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं ते ऐकलं. "का रं बंडू, रुसलास व्हय सुरीवर?"

बंडूनं सगळं सांगितलं. आजीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "माझा कोयता बघ, तिकडं कुडाला अडकवलेला. सासऱ्याच्या हातचा हाय. आख्ख्या आळीत फिरतो. कुणाला कुंपणाला काट्या तोडायच्या, कुणाला बांबू. आजपतूर कुणाला न्हाई म्हटलं न्हाई."

"मग खराब होत नाही?"

"व्हतो की. पर आमच्यात एक रीत हाय. न्हेताना जशी धार व्हती, त्याच्यापरीस चांगली लावून आणायची. खांड पाडलं तर ज्यानं पाडलं त्यानं घासायचं. बोथट कोयता दारात ठेवून गेला, तर दुसऱ्या येळंला त्याला कोण देतंय? तू नुसती सुरी दिलीस लेका. रीत दिलीच न्हाईस."

बंडू उठला. त्यानं सोन्याला हाक मारली. पोराला वाटलं, आता शिव्या बसणार. बंडूनं त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवली आणि कार्बोरंडमचा दुहेरी दगड ठेवला, एका अंगानं खरबरीत, दुसऱ्या अंगानं बारीक.

"खांडं तू पाडलीस, तूच काढ."

"कानशीनं काढू?"

"लावून बघ."

सोन्यानं कानस लावली तर ती काचेवरून सरकावी तशी घसरली. पाणी दिलेलं पोलाद कानशीला दाद देत नाही. मग दगड. बंडूनं खिशातून मार्कर काढला आणि धारेच्या दोन्ही उतारांना काळी शाई फासली. "आता चार हात घास आणि बघ. शाई कुठली गेली?" सोन्यानं बघितलं. धारेच्या अगदी टोकावर शाई तशीच होती, गेली होती ती वरची. "म्हणजे तू पातं जास्त निजवलंस. जरा उभं कर." परत शाई, परत घासणं. आता टोकाची गेली, वरची राहिली. "आता फार उभं झालं."

खांड काढायचं म्हणजे खांड तेवढं घासून चालत नाही. सगळी धार खांडाच्या तळापर्यंत मागे न्यावी लागते, नाहीतर तिथं खळगा होतो. सोन्या दुपार टळेपर्यंत घासत बसला. बोटांची टोकं पांढरी पडली, पॅन्टवर करड्या चिखलाचे ओघळ आले. लहान खांड गेलं, मोठं अर्धं राहिलं. तो कंटाळून उठला, नदीवर जाऊन आला आणि आपणहून परत बसला. चार वाजता बंडूनं त्याचं बोट धरून धारेच्या दुसऱ्या अंगाला आडवं टेकवलं. "काय लागतं?"

"खरखरीत. बारीक काठ आल्यासारखा."

"ती बर. एका बाजूचं पोलाद दुसऱ्या बाजूला वळलं. टोकापासून मुळापर्यंत सगळीकडे लागली, तर समजायचं धार धारेला भेटली. आता दुसरी बाजू, मग बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा."

दिवे लागायच्या वेळेला सोन्यानं वर्तमानपत्राचा कागद अधांतरी धरला आणि त्याच्यातून सुरी चालवली. कागद आवाज न करता दोन तुकडे झाला. पोराच्या तोंडावर जे उमटलं ते बघून बंडूनं त्याच रात्री घोंगडीवर नवा नियम जाहीर केला : आजपासून माझी सुरी कुणीही न्यावी, पण परत करताना धार लावून करावी. ज्याला लावता येत नाही त्याला मी शिकवीन, आणि त्यानं पुढच्याला शिकवावं.

नाना म्हणाला, "अशानं सुरी झिजून जाईल."

"झिजेल की," बंडू म्हणाला.

वर्षं गेली. तो नियम बंडूच्या सुरीपुरता राहिला नाही. कोयते, मोरा, पुक्को, सगळ्यांनाच तो लागू झाला. एका मुक्कामात अवकाळी पाऊस आला आणि रात्रभर सगळं भिजलं, तेव्हा पहाटे तीन वेगवेगळ्या पोरांनी तीन वेगवेगळ्या सुऱ्यांनी ओंडके फोडून पिसं काढली. एकानं फेरो रॉडवर पात्याची काटकोनी पाठ ओढून बांबूच्या किसावर ठिणग्या पाडल्या आणि उजाडायच्या आत चुलीवर चहा उकळत होता. आजीचा कोयताही आता मुक्काम हलायच्या दिवशी धार लावूनच कुडाला परत लागे. "शेरातली पोरं सुधारली," असं ती शेजारणीला सांगे.

मग एका वर्षी मंडळानं लोहारमामांनाच मुक्कामाला बोलावलं. मामा थकले होते, पण आले. घोंगडीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "माझ्या दोन्ही पोरी कुठायत?"

बंडूनं आपली समोर ठेवली. मुठीचं शिसव हाताच्या तेलानं काळंभोर झालं होतं, पातं एके काळच्या रुंदीपेक्षा दोन केस कमी भरलं असतं. नाना मामांसाठी म्हणून खास पेटी घेऊन आला होता. कितीतरी पावसाळ्यांनंतर ती कपाटाबाहेर निघाली होती. "मामा, माझी बघा. तुम्ही दिलीत तशीच्या तशी," असं म्हणत त्यानं पेटी उघडली आणि म्यानातून सुरी ओढली.

ती निघेना. नानानं जोर लावला तेव्हा खरखर करत बाहेर आली. पात्यावर तांबूस चट्टे होते, धारेलगत तर गंजानं टाचणीच्या टोकाएवढे खड्डे खाल्ले होते. चामडं पावसाळ्याची ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात असतात. त्यात बंद करून ठेवलेलं साधं पोलाद वर्षानुवर्षं ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखंच असतं. सुरी म्यानाबाहेर, तेलाचा हात फिरवून ठेवायची, हे मंडळातल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. पण त्या पेटीला हात लावायची कुणाला मुभाच नव्हती.

कुणी काही बोललं नाही. नानाचा चेहरा उतरला.

मामांनी दोन्ही सुऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मग बंडूच्या सुरीवर बोट ठेवून म्हणाले, "ही झिजली." नानाच्या सुरीवर ठेवून म्हणाले, "ही सडली. पोलाद एकच, घण एकच, तेल एकच. झिजलेली सुरी अजून तुमची नातवंडं वापरतील."

"मामा, आता हिचं काय होईल?" नानानं विचारलं.

"वरचा गंज निघेल. खोल खड्डे राहतील. पण पोलाद मेलेलं नाही. माझे हात आता चालत नाहीत, तुमच्यातलं कोणी आहे का घासणारं?"

सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं. सोन्या आता कॉलेजातला पोरगा राहिला नव्हता, नोकरीला लागला होता आणि धार लावण्यात मंडळात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नानानं सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे सरकवली. "दे बाबा लावून."

सोन्यानं ती उचलली, पात्यावरून बोट फिरवलं आणि परत खाली ठेवली. "नाना, लावून देत नाही. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. शिकवतो. बसा."

बादली आली, दगड आला, मार्कर आला. बँकेतून नुकताच निवृत्त झालेला नाना मांडी घालून बसला आणि पहिल्यांदा घासताना त्याचं पातं जास्त निजलं. सोन्या म्हणाला, "जरा उभं करा." गंज उतरायला संध्याकाळ झाली. दोन खड्डे मुठीजवळ राहिले, ते कायमचेच. रात्री त्याच सुरीनं नानानं सगळ्यांसाठी कांदे चिरले आणि सकाळी नव्यानं आलेल्या एका मुलीनं पिसं काढायला सुरी मागितली, तेव्हा त्यानं ती घोंगडीवर तिच्यापुढे ठेवली. म्हणाला, "ने. पण आणताना धार लावून आण. येत नसेल तर मी शिकवतो, कालच शिकलोय."

तात्पर्य : नुसती झाकून ठेवलेली वस्तू गंजते आणि रीत न सांगता दिलेली वस्तू मोडते. म्हणून देणाऱ्यानं वस्तूबरोबर तिची निगाही शिकवावी आणि मागणाऱ्यानं ती होती त्याहून चांगली करून परत द्यावी. सुरी असो, शिडी असो, शेजाऱ्याची पाभर असो की मित्राची दुचाकी, हा नियम पाळणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा नाही म्हणत नाही.